शिंप्याला सापडलेला चष्मा

*मी तुम्हाला एक गोष्ट वाचून दाखवणार आहे. नीट ऐका. मी थांबले की जेवढं आठवेल तेवढं, जसं आठवेल तसं सांगा.*

एक शिक्षिका / बुधवारी सकाळी / बाजारात गेली. / तिच्या हातात लाल पिशवी होती. / पुलाजवळ / तिचा चष्मा पडला. / तिला ते समजलं नाही. / एका शिंप्याला / तो सापडला. / शिंपी तिच्या मागे / शाळेपर्यंत / चालत गेला. / तिने त्याचे आभार मानले / आणि त्याला पाणी दिलं.

संपली गोष्ट. हिच्यात काही दम नाही, हे चष्मेवाल्याचं पहिल्या दिवसापासूनचं मत. ना भांडण, ना चोरी, ना कुणाचं लग्न. पण ही गोष्ट त्याच्या बायकोने लिहिली होती, घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून, आणि मुद्दाम अशी अळणी लिहिली होती. ती मानसिक आरोग्य केंद्रात चाचण्या घ्यायची. कुणाची स्मरणशक्ती दगा देतेय अशी शंका आली, की त्याला समोर बसवायचं, ही गोष्ट ऐकवायची आणि म्हणायचं, आता तुम्ही सांगा. तिरप्या रेघांनी गोष्टीचे तुकडे पाडलेले. जेवढे तुकडे परत येतील तेवढे गुण.

त्या काळी आपल्या भाषेत असली चाचणीच नव्हती. परक्या भाषेतल्या होत्या, त्यांचे उल्थे करून वेळ मारून नेत. तिने सगळं मुळापासून केलं. गोष्ट लिहिली, शब्दांच्या याद्या बांधल्या, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला कसं सांगायचं ते ठरवलं, आणि मग वर्षानुवर्षं म्हाताऱ्या माणसांच्या दारात जाऊन, त्यांना ते ऐकवून, किती आठवलं म्हणजे बरं आणि किती आठवलं म्हणजे काळजीचं याचे आकडे बसवले. चाचणी कशी घ्यायची याची पुस्तिकाही तिचीच. आज आपल्या भाषेत कुणी कुठेही विसरायला लागलं, तर तो माणूस तिच्याच शब्दांत विसरतो, असं तिची शिष्या कौतुकाने म्हणायची.

गोष्ट लिहून झाली तेव्हा तिने ती नवऱ्याला वाचून दाखवली होती.

"अगं, ही तर आपलीच गोष्ट," तो म्हणाला. "पण कोट कुठाय?"

"काढला."

"कोट काढलास? मग राहिलं काय?"

कोटाचं असं, की ती पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी स्वतःच्याच चष्म्यावर बसून आली होती. समोरचं काही दिसत नव्हतं. दुकान बोळासारखं अरुंद, भिंतीवर खुंटीला चष्मेवाल्याच्या वडिलांचा काळा कोट टांगलेला. ती थेट कोटापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, जरा लवकर बघता का? उद्या पेपर आहे माझा." कोट गप्प. "मी तुमच्याशी बोलतेय! ऐकू येत नाही का?" तेव्हा मागून, काउंटरच्या आडून, तरुण चष्मेवाला म्हणाला, "तो जरा कमी ऐकतो. मला सांगा."

"कोट सगळ्यांच्याच लक्षात राहील," ती म्हणाली. "आजारी माणसाच्यासुद्धा. मग चाचणी करायची कशाला?"

"आणि मी कुठाय?"

"तू शिंपी."

"मी शिंपी?"

"चष्मा आणि चष्मेवाला एका गोष्टीत आले, की एकावरून दुसरा आपोआप आठवतो. आपोआप आठवेल असं चाचणीत काही ठेवायचं नसतं."

"म्हणजे मी आपोआप आठवतो म्हणून मला हाकललंस."

"हो. झालं समाधान?"

झालं होतं. पुढे कित्येक वर्षं तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारायचा, "शिंप्याला चहा मिळेल का?"

*उत्तर बरोबर असो वा चूक, चेहरा बदलायचा नाही. मान डोलवायची नाही. 'ठीक' म्हणायचं आणि पुढचा प्रश्न घ्यायचा. मदत करायची नाही.*

पुस्तिकेतलं हे पान घरात सगळ्यांना पाठ होतं. मुलगी कॉलेजात पहिली आली तेव्हा धापा टाकत घरी आली आणि दारातूनच ओरडली, "आई, 'ठीक, पुढे' म्हणायचं नाही हं! शपथ आहे!" आईने ओठ दाबले, दाबले, आणि म्हणालीच, "ठीक." तिघंही हसून लोळली होती. कोरा चेहरा हे तिचं हत्यार होतं आणि घरातला विनोदही. समोरचा माणूस आपल्या तोंडावर बरोबर-चूक शोधत असतो, ती म्हणायची. त्याला तिथे काही सापडलं, की तो आठवायचं सोडतो आणि आपलं तोंड वाचायला लागतो.

चष्मेवाला आता बायकोचं तोंड वाचायला शिकला होता. गेलं वर्षभर तेच करत होता.

ती सुट्टीच्या दिवशी केंद्रात गेली आणि पेशंटच्या बाकावर, हातात पर्स धरून, आपला नंबर येईल म्हणून बसून राहिली. पहारेकऱ्याने फोन केला. ती बसथांब्यावर रस्त्याच्या उलट बाजूला उभी राहू लागली. "आज कुणी येणार आहे का जेवायला?" हे ती पाहुणे जेवून गेल्यावर विचारायची. टेबलावरची खरकटी ताटं दाखवली, की पटकन म्हणायची, "अरे, उद्याचं विचारतेय मी." सावरून घेण्यात वस्ताद. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, वय होतंय तिचं. तुम्ही स्वतः काय कमी विसरता? माझा वाढदिवस कधी असतो?" त्याने सांगितला. एका दिवसाने चुकला. झालं, तोच आजारी ठरला.

मग ते पाहुणे. शेजारी नवीन जोडपं राहायला आलं होतं, पोरसवदाच. सहज विचारलं, तुमचं कसं जमलं हो काकू?

बायको हसली, हात मांडीवर ठेवले आणि सुरू झाली. "मी तेव्हा शिक्षिका होते. एका बुधवारी सकाळी बाजारात गेले. हातात लाल पिशवी होती. पुलाजवळ माझा चष्मा पडला, मला समजलंच नाही. यांना सापडला. हे तेव्हा शिंपी होते—"

चष्मेवाल्याला आधी हसू आलं. त्याला वाटलं, मस्करी करतेय. तोही म्हणाला, "हो, आणि शिंप्याला अजून चहा मिळालेला नाही."

"पाणी दिलं होतं," ती म्हणाली.

त्याने तिचं तोंड पाहिलं. मस्करी नव्हती. ती कधीच शिक्षिका नव्हती. शेजारची मुलगी "किती गोड!" म्हणत होती, आणि बायको एकही तुकडा न गाळता, सेकंदाला जितके शब्द असावेत तितकेच, शाळेपर्यंत चालत चालली होती.

*सुरुवात करण्याआधी खात्री करा, की समोरच्याला चाचणीची आधी ओळख नाही.*

त्याने शिष्येला गाठलं. तिला तो पट्टशिष्या म्हणायचा. आता ती चाळिशीला टेकली होती, केंद्रात समुपदेशन करायची, आणि त्याच्या बायकोला ताई म्हणत असल्यामुळे तो तिचा भाऊजी.

"ताईंना? विस्मरण?" ती हसली, आणि त्याचा चेहरा बघून थांबली.

एक गोष्ट इथेच सांगून टाकू. चष्मेवाल्याला काय हवं होतं? औषध नाही. औषधाने फारसं होत नाही, हे बायकोच्याच तोंडून त्याने शंभरदा ऐकलं होतं. त्याला हवं होतं, की तिला कुणीतरी सांगावं, सांगितलेलं कळण्याइतकी ती शिल्लक आहे तोवर. म्हणजे दोघं मिळून काय ते ठरवतील, रडतील, चिठ्ठ्या डकवतील, दुकानात तिच्यासाठी खुर्ची ठेवतील. त्याने स्वतः सांगून पाहिलं होतं. "पुरावा?" ती म्हणाली. ती माणसाचं ऐकत नसे, आकड्याचं ऐकत असे. जन्मभराची सवय. तेव्हा आकडाच लागणार होता.

आकडा आला. तीसपैकी तीस.

शिष्येने चाचणी घेतली, तो बाहेरच्या बाकावर. दार नीट लागत नव्हतं, सगळं ऐकू येत होतं. बायकोचा आवाज खणखणीत. शंभरातून सात-सात वजा करत ती घसरगुंडीवरून उतरल्यासारखी उतरली. शब्द सगळे. गोष्ट सगळी. मध्ये एकदा ती म्हणाली, "घाई करतेस. दोन शब्दांत एक सेकंद. आणि मी उत्तर दिल्यावर तुझी भुवई हलली."

"सॉरी ताई."

"ठीक. पुढे."

मेंदूचा स्कॅन काढला. वयाच्या मानाने ठीक. डॉक्टरांनी बोलावलं. डॉक्टर सज्जन माणूस, केंद्राचे प्रमुख, टेबलावर नेहमी काहीतरी अर्धवट खाल्लेलं.

"तीसपैकी तीस!" ते म्हणाले. "मला पडणार नाहीत एवढे."

"डॉक्टर, तिने तक्ता पाठ केलाय," चष्मेवाला म्हणाला.

त्याच्या धंद्यात हे रोजचं. गाडी चालवायचा परवाना हवा असलेली माणसं अक्षरांच्या तक्त्यातली शेवटची ओळ पाठ करून येतात आणि आंधळ्यासारखं समोर बघत धडाधड म्हणून दाखवतात. त्यावर त्याच्या वडिलांनी दुसरा तक्ता करून ठेवला होता. संशय आला की पहिला उचलायचा, मागे दुसरा. "तुम्हीही तक्ता बदला," तो म्हणाला. "एवढंच तर आहे."

डॉक्टरांनी शिष्येकडे पाहिलं, शिष्येने जमिनीकडे.

"भाऊजी, आम्हाला ते कळत नाही का?" ती हळू म्हणाली. "दुसरा तक्ता आहे. तिसराही आहे. तिन्ही ताईंनीच लिहिलेत. परक्या भाषेतला दिला तर त्या अडखळतील, पण कशामुळे अडखळल्या, आजारामुळे की भाषेमुळे, हे कोण सांगणार? आपल्या भाषेत त्यांना आधीच ठाऊक नाही असा एकही प्रश्न नाही."

"मग?"

डॉक्टरांनी खोकून घेतलं.

शिष्या हट्टी होती, तिने हार मानली नाही. तिने आठवडाभर बसून नवी गोष्ट लिहिली. एक माळी, एक तुटलेली शिडी, आंब्याचं झाड, पोस्टमन. ती घेऊन घरी आली. ताईंसमोर बसली आणि वाचली, घाई न करता, भुवई न हलवता.

"आता तुम्ही सांगा."

चष्मेवाला स्वयंपाकघरात, नळ बंद करून ऐकत होता.

"एक माळी," ती म्हणाली. मग, "शिडी." मग तिची बोटं मांडीवर काहीतरी शोधायला लागली. "माळी... त्याला... त्याचा चष्मा..."

शिष्येचा पेन थांबला.

मग बायकोने मान वर केली, आणि ती एकदम पुन्हा शिकवणारी बाई झाली. "नमुना किती?"

"ताई?"

"ही गोष्ट किती लोकांना ऐकवलीस? वय काय, शिक्षण काय? माझ्या वयाच्या बाईला सरासरी किती आठवते?"

"अजून... अजून कुणालाच नाही. तुम्ही पहिल्याच."

"म्हणजे मला दोन तुकडे आठवले ते कमी की जास्त, हे तुला माहीत नाही."

"नाही, पण ताई—"

"मग तू काय मोजलंस?"

शिष्या रडली. नमुन्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो, हे तिला याच बाईने शिकवलं होतं. जाताना दारात ती चष्मेवाल्याला म्हणाली, "मी पाहिलं, भाऊजी. मला कळलं. पण कागदावर लिहू काय?"

तिला कळलं, एवढ्यावर त्या दिवशी त्याने समाधान मानलं. ते संध्याकाळपर्यंतही पुरलं नाही.

*स्वतः रुग्णाकडून माहिती मिळत नसेल, तर जवळच्या नातेवाइकाला विचारा. नातेवाइकाला आठवण करून द्या: तुलना दहा वर्षांपूर्वीच्या त्याच माणसाशी करायची आहे.*

आता एकच साधन उरलं होतं, आणि ते चष्मेवाला स्वतः होता. नातेवाइकाची प्रश्नावली. ही पण तिच्याच हातची.

डॉक्टरांनी स्वतः विचारलं.

दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत, अलीकडे घडलेल्या गोष्टी लक्षात ठेवणं?

खूप बिघडलंय.

नेहमीच्या वस्तू कुठे ठेवतो ते लक्षात असणं?

खूप बिघडलंय. परवा तिने माझ्या दुकानातले सगळे स्क्रू साखरेच्या डब्यात—

फक्त उत्तर द्या. घरातल्या माणसांची माहिती?

(इथे तो थांबला. ती बाहेरच्या बाकावर बसली होती. दार नीट लागत नव्हतं.)

खूप बिघडलंय, तो म्हणाला, मोठ्याने म्हणाला. पाठीमागे बाकाचा करकर आवाज झाला. एकेका उत्तराला त्याला वाटत होतं, आपण घरातलं एकेक सामान रस्त्यावर नेऊन ठेवतोय. पण त्याने नेलं. एकही प्रश्न त्याने सांभाळून घेतला नाही. मदत केली नाही.

"आता थोडं तुमच्याबद्दल," डॉक्टर म्हणाले. "ही पद्धतच आहे. झोप लागते का?"

"नाही."

"भूक?"

"नाही."

"उगाच रडू येतं?"

"उगाच नाही येत."

"हो की नाही, एवढंच."

"हो."

डॉक्टरांनी बेरीज केली, चष्मा कपाळावर सरकवला. काड्या ढिल्या झाल्या होत्या. चष्मेवाल्याच्या ते लक्षात आलं आणि तो मनातल्या मनात स्क्रू आवळत बसला, कारण पुढचं ऐकायचं नव्हतं.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही फार खचलायत. आकडा बराच वर आहे. आणि खचलेल्या माणसाला समोरचं सगळंच बिघडलेलं दिसतं. हा तुमचा दोष नाही. पण नातेवाईक खचलेला असेल, तर त्याच्या साक्षीवर विसंबायचं नाही, असा नियम आहे."

"कुणाचा नियम?"

डॉक्टरांना बोलायला जड गेलं. "बाईंच्याच पुस्तिकेत आहे. आठवं प्रकरण."

"अहो, मी खचलोय ते तिच्यामुळे!"

"असेलही. किंवा ती तुम्हाला तशी दिसते ते खचल्यामुळे. मी कसं ठरवू? सांगा, मी कसं ठरवू?" ते खरंच विचारत होते. मग गोळ्या लिहिल्या, चष्मेवाल्याला. बाईंना सहा महिन्यांनी परत पाहू म्हणाले. "आणि दर रविवारी ही तुमची प्रश्नावली घरीच भरा. बाई घेतील ना. नशीबवान आहात. त्यांच्याइतकं अचूक कोण घेणार?"

*(थांबा.)*

परतताना बसमध्ये खिडकीशी ती, बाजूला तो. मांडीवर गोळ्यांची पुडी. तीनचार थांबे गेले.

"मला कळतंय रे," ती म्हणाली.

त्याने वळून पाहिलं.

"बाहेर ऐकू येत होतं. तू खरं बोललास." ती खिडकीबाहेरच बघत होती. "मी मुद्दाम चुकायचा प्रयत्न केला होता, त्या दिवशी. पोरगी चाचणी घेत होती तेव्हा. म्हटलं, शिंपी नाही, चष्मेवाला म्हणू. एवढा एक शब्द. पण जिभेवर आलंच ते. सगळं आपोआप येतं. मी त्या चाचणीत चुकूच शकत नाही. बाहेर मला दिशा कळत नाही, आणि तिथे मी चुकू शकत नाही."

"मग सांग ना त्यांना! हेच सांग!"

"सांगते."

"आत्ता चल. आत्ता!"

पुढच्या थांब्यावर त्याने तिला हाताला धरून खाली उतरवलं. परतीच्या बसची वाट पाहण्याइतका धीर त्याच्यात नव्हता. तो चालत सुटला, ती त्याच्या मागे. टायरचं दुकान, औषधांचं दुकान, बंद पडलेलं थिएटर. तो मनात एकच वाक्य धरून चालला होता, सांडू नये अशा भरल्या भांड्यासारखं: मी त्या चाचणीत चुकूच शकत नाही. मध्येच वळून म्हणाला, "काय सांगायचंय, सांग बघू?" "सांगते रे, माहितीये मला," ती वैतागली. हा वैताग ओळखीचा होता. त्याला बरं वाटलं.

केंद्राच्या फाटकातून आत शिरताना तिने केस सारखे केले. पर्सचा पट्टा खांद्यावर वर ओढला. पहारेकऱ्याकडे बघून मान हलवली, रोज हलवते तशी. आणि आत जाऊन स्वागताच्या खिडकीशी विचारलं, "आज कोण कोण आहे?"

शिष्या बाहेर आली. "भाऊजी? काय राहिलं का?"

"ताईंना सांगायचंय तुला काहीतरी. बसमध्ये म्हणाली. अगं, सांग."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. शांतपणे, पूर्ण लक्ष देऊन, ओठांचा कोपरासुद्धा न हलवता.

"काय सांगायचं?"

"ते, चुकायचं. तू म्हणालीस, मी चुकूच शकत नाही."

"ठीक," ती म्हणाली.

"ठीक नाही! अगं, शिंपी! तू शिंपी म्हणायचं टाळत होतीस—" त्याचा आवाज चढला. बाकावरची माणसं बघायला लागली. एका म्हातारीने आपली पिशवी जवळ ओढली. शिष्येने त्याच्या दंडाला हात लावला, हळूच, जसा ती रोज इथे येणाऱ्यांच्या दंडाला लावते. तिचे डोळे भरले होते. कुणासाठी भरले होते ते त्याला सांगता आलं नसतं.

"गोळ्या आजपासूनच सुरू करा, भाऊजी," ती म्हणाली.

*खोली शांत असावी. समोरासमोर बसा. आधी दोन शब्द इकडचे-तिकडचे बोला, म्हणजे समोरच्याची भीती जाते.*

रविवार. दुकान बंद, शटर अर्धं खाली. घरी तिला टेबल लहान वाटलं, म्हणून ती दुकानात आली होती, कागद आणि पेन्सिल घेऊन. दुकान अजून तेवढंच अरुंद. तक्ता गिऱ्हाइकाच्या पाठीमागच्या भिंतीवर उलट्या अक्षरांत, आणि समोरच्या आरशात तो सुलट वाचायचा. जागा वाचवायची वडिलांची युक्ती. खुंटीवर कोट होता. कोट आता कुणी घालत नव्हतं, पण काढतही नव्हतं.

तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला, ती त्याच्या स्टुलावर. तिच्या मागच्या आरशात त्याला तिची पाठ दिसत होती आणि तिच्या खांद्यावरून स्वतःचं तोंड.

"बसा आरामात," ती म्हणाली. "प्रवासाचा त्रास नाही ना झाला?"

तो खुर्चीत सरकून बसला. मग म्हणाला, "नाही."

तिने प्रश्न विचारले. झोप, भूक, रडू. इतकं अचूक कुणी घेतलं नसतं, डॉक्टर खोटं बोलले नव्हते. एकेक प्रश्न स्वच्छ पाण्यासारखा पुढे ठेवायची आणि उत्तराला हवा तेवढा वेळ द्यायची. त्यालाही खरं सांगावंसं वाटलं. सगळं सांगितलं. त्याच्या आयुष्यात कुणी त्याचं एवढं ऐकून घेतलं नव्हतं.

प्रश्न संपले. ती उठली नाही. कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने रेघा मारल्या.

"आता मी तुम्हाला एक गोष्ट वाचून दाखवणार आहे," ती म्हणाली. हातात वाचायला काही नव्हतं. "नीट ऐका."

एक शिक्षिका. बुधवारी सकाळी. तो ऐकत राहिला. पूल आला, शिंपी आला, शाळा आली, पाणी आलं.

"आता तुम्ही सांगा."

चष्मेवाल्याने खुर्चीचे हात धरले.

"एक मुलगी," तो म्हणाला. "शिक्षिका नाही. परीक्षेला बसणारी. स्वतःच्याच चष्म्यावर बसली. बाजारात नाही गेली, इथे आली. याच दुकानात. तिला काही दिसत नव्हतं, तर ती त्या कोटापुढे उभी राहिली. त्या. तिथे आहे बघ. आणि कोटाला म्हणाली, ऐकू येत नाही का?"

त्याची नजर तिच्या तोंडावरून हलत नव्हती.

कोटाशी आल्यावर तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग ती हसलीच, अगदी मोकळं, लोक अनोळखी माणसाच्या चांगल्या विनोदाला हसतात तसं. एवढ्या वर्षांत चाचणी घेताना ती हसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण हे गोष्टीत नव्हतं."

"होतं."

"चष्मा आला. तो एक तुकडा." तिने पेन्सिलीने एक खूण केली. खाली तेरा जागा रिकाम्या. मग जरा पुढे वाकली आणि आवाज मऊ करून म्हणाली, "घाबरू नका. होतं असं या वयात. एकदा पुन्हा वाचून दाखवायची मुभा असते. वाचू?"

शटरखालून कुणाचे तरी पाय गेले, एक सायकल गेली. त्याच्या मागे तक्ता होता, तक्त्यामागे दुसरा तक्ता.

"वाच," तो म्हणाला.

तिने पुन्हा सांगितली, पहिल्याइतकीच सावकाश, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. थांबली. वाट बघत राहिली, पेन्सिल वर धरून.

"एक शिक्षिका," चष्मेवाला म्हणाला, "बुधवारी सकाळी / बाजारात गेली. / हातात लाल पिशवी. / पुलाजवळ / चष्मा पडला. / तिला समजलं नाही." पेन्सिल प्रत्येकाला हलत होती. "शिंप्याला," तो म्हणाला. पेन्सिल हलली. "सापडला. / तो तिच्या मागे / शाळेपर्यंत / चालत गेला. / तिने आभार मानले."

"अजून काही?"

मान डोलली नाही, भुवई हलली नाही. तो तिच्या तोंडावर शोधत राहिला.

"पाणी दिलं," तो म्हणाला.

"ठीक," ती म्हणाली, आणि पुढचा कागद घेतला.